रोज एकदा पायांकडे पाहा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवड्याच्या बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात बरीच गर्दी होती. आपल्याकडील रीतीप्रमाणे मंडळी चपला दाराबाहेर काढून आत बाकांवर बसली होती. इतक्यात कंपाउंडर आत आला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाहेर फरशीवर कुणाच्या तरी पायाचं रक्त सांडलंय." मी उठून पाहिले. दारापासून बाकापर्यंत रक्ताचे ठिपके पडले होते आणि ते जेथे संपत होते तेथे आमचे एक निवृत्त गुरुजी शांतपणे वर्तमानपत्र वाचीत बसले होते.

"गुरुजी, पाय दाखवा पाहू," मी म्हटले. त्यांनी उजवा पाय वर घेतला आणि तेच दचकले. अंगठ्याखालच्या गादीला खोल भोक पडले होते. चप्पल मागवून पाहिली. दोन दिवसांपूर्वी त्यांनी चपलेचा अंगठा शिवून घेतला होता आणि तेथे मारलेल्या चुकेचे टोक तळातून वर आले होते. ती चूक पायात रुतवीत गुरुजी दोन दिवस देवळात, मंडईत आणि वाचनालयात फिरत होते. "पण डॉक्टर, मला काहीच दुखलं नाही हो!" एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

गुरुजींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. जखम हाडापर्यंत गेली होती. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली आणि अंगठा काढावा लागला. त्या रात्री मी त्यांचा जुना केसपेपर काढून चाळला. त्यात बारा वर्षांचे साखरेचे आकडे होते, रक्तदाब होता, वजन होते. पायाविषयी मात्र एक ओळही नव्हती. दर महिन्याला हा गृहस्थ अनवाणी पायांनी माझ्यासमोर येऊन बसत होता आणि मी एकदाही खाली वाकून पाहिले नव्हते. आजचा लेख त्या चुकीतून आला आहे.

शरीराचे दुर्लक्षित वाहन

मानवी शरीरातील एकूण २०६ हाडांपैकी दोन्ही पावलांत मिळून ५२ हाडे असतात, म्हणजे एकूण हाडांचा चौथा हिस्सा केवळ पावलांत आहे. उभे राहताना, चालताना, डोक्यावर हंडा किंवा भारा घेताना सारा भार या छोट्या हाडांच्या कमानीवर येतो. पाऊल हृदयापासून सर्वांत दूर असल्याने तेथील रक्तपुरवठ्यात बिघाड झाला, तर जखम भरून येण्यास वेळ लागतो. शिवाय तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी पुष्कळ असल्या तरी तेलकट स्राव तयार करणाऱ्या ग्रंथी नसतात. त्यामुळे तळवे घामेजतात आणि तरीही लवकर कोरडे पडतात.

एवढे असूनही आपण चेहऱ्यासाठी दिवसातून चार वेळा आरसा पाहतो आणि पायांवर दोन तांबे पाणी ओतले की झाले, असे समजतो.

दुखणे हा शत्रू नव्हे

पाय दुखू लागला की आपण वैतागतो. वास्तविक दुखणे हा आपला राखणदार आहे. काटा रुतला, चप्पल चावली, फरशी तापलेली असली की तो लगेच ओरडून सांगतो. हा राखणदारच मुका झाला तर काय होते, हे वैद्यकशास्त्राला प्रथम कुष्ठरोग्यांनी शिकविले.

डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. कुष्ठरोगात हातापायांची बोटे आपोआप झडतात, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. ब्रँड यांनी रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवून दिले, की बोटे आपोआप झडत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे रुग्णाला चटका, काटा, घर्षण यांतले काहीच कळत नाही, तो जखमी पायावर तसाच चालत राहतो आणि जखमा चिघळून बोटे गमावतो. वेदना वाटत असती तर तोच माणूस लंगडला असता, थांबला असता आणि त्याचा पाय वाचला असता.

हाच न्याय आज मधुमेहाला लागू पडतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की पावलांतील मज्जातंतू हळूहळू निकामी होतात. प्रथम मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, कापसावरून चालल्यासारखे वाटते. पुढे आग थांबते आणि रुग्णाला वाटते, आपण बरे झालो! कित्येकदा पाय बरा झालेला नसतो, तो बधिर झालेला असतो. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असल्या तर झालेली जखम भरत नाही.

घरच्या घरी करण्याची चाचणी

आपल्या पायाची संवेदना शाबूत आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी पद्धत आहे. तिला काहीही साहित्य लागत नाही. रुग्णाने पाय मोकळे करून निजावे आणि डोळे मिटावेत. घरातील दुसऱ्या व्यक्तीने आपल्या तर्जनीच्या टोकाने रुग्णाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद हळुवार स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, गुदगुल्या करू नयेत. स्पर्श कळताच रुग्णाने 'उजवा' किंवा 'डावा' असे सांगावे. दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणे होतात. त्यांतील दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना पाय दाखवावेत. डॉक्टर नायलॉनच्या विशिष्ट तंतूने किंवा कंपनकाट्याने अधिक नेमकी तपासणी करतात. पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची नाडीही ते पाहतात. मधुमेही व्यक्तीने ही तपासणी वर्षातून निदान एकदा करून घ्यावी. डॉक्टर विसरले, तर आपण होऊन पाय पुढे करावेत. त्यात संकोच कसला?

आपल्याला मधुमेह आहे की नाही, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. वयाची ३० वर्षे उलटलेल्यांनी रक्तातील साखर तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय आहे.

पायांची दिनचर्या

मधुमेह असो वा नसो, पुढील नेम सर्वांनीच पाळावा. त्याला पाच मिनिटे पुरतात.

रात्री निजण्यापूर्वी पाय साबण लावून स्वच्छ धुवावेत. पाणी कोमट चालेल, कढत नको. मधुमेही व्यक्तीने पाणी पायाने अजमावू नये. कोपर बुडवून पाहावे किंवा घरातील दुसऱ्याला पाहायला सांगावे. पाय तासन्‌तास पाण्यात बुडवून ठेवू नयेत, त्याने कातडी फुगते आणि नंतर अधिकच कोरडी पडते.

धुतल्यावर पाय टिपून कोरडे करावेत. बोटांच्या बेचक्यांतून जुन्या धुतलेल्या धोतराचा किंवा साडीचा मऊ तुकडा फिरवावा. बहुतेक लोक नेमके हेच विसरतात.

त्यानंतर उजेडात बसून पाय पाहावेत. वरची बाजू, तळवा, टाच आणि प्रत्येक बेचकी पाहावी. फोड, चीर, लाली, काळसर डाग, सूज किंवा ओल आहे का, ते बघावे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यात तळवा पाहावा. डोळ्यांना कमी दिसत असेल तर सुनेला किंवा नातवाला सांगावे. आमच्या भागातील एका आजींची नात रोज रात्री त्यांचे पाय पाहते. मागच्या उन्हाळ्यात टाचेवरचा वाटाण्याएवढा फोड तिनेच पहिल्याच दिवशी ओळखला. आठवडाभराच्या मलमपट्टीने तो बरा झाला. आजींना त्या फोडाची वार्ताही नव्हती.

शेवटी तळव्याला आणि टाचेला तेल किंवा व्हॅसलीन लावावे. बेचक्यांत मात्र लावू नये, तेथे ओल धरून राहते.

टाचांच्या भेगा

हिवाळा आला की भेगांची तक्रार घेऊन येणाऱ्यांत शेतात राबणाऱ्या आणि घरात दिवसभर उभ्या असणाऱ्या स्त्रिया अधिक असतात. कोरडी कातडी, अनवाणी वावर, मागून उघडी चप्पल आणि वाढलेले वजन ही त्याची नेहमीची कारणे आहेत. टाचेवर भार आला की जाड, कोरडी कातडी पसरते आणि फाटते.

उपाय साधा आहे, चिकाटी मात्र हवी. पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून वजरीने हलक्या हाताने घासावेत, टिपावेत आणि कातडी किंचित ओलसर असतानाच कोकमाचे तेल, खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावे. वर सुती मोजे घालून निजावे. पंधरा दिवसांत फरक दिसतो. जाड कातडीसाठी युरियायुक्त मलम चांगले उपयोगी पडते. भेगा खोल असतील, त्यांतून रक्त येत असेल किंवा तळव्यांबरोबर तळहातही फुटत असतील, तर तपासून घ्यावे. थायरॉइडचा विकार, सोरायसिस किंवा बुरशीसंसर्गही त्यामागे असू शकतो. ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे, त्यांनी वजरी वापरू नये. कातडी सोलली गेली तरी त्यांना कळत नाही.

चिखल्या

पावसाळ्यात भातखाचरात, गोठ्यात किंवा ओल्या बुटांत दिवस काढणाऱ्यांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, खाजतात, चिरतात आणि त्यांना वास येतो. यालाच आपण चिखल्या म्हणतो. ओल आणि बुरशी यांचे हे संयुक्त काम असते. करंगळीलगतच्या बेचकीत त्याची सुरुवात बहुधा होते, कारण ती सर्वांत अरुंद असते.

शेतावरून आल्यावर पाय धुऊन कोरडे करणे हे अर्धे औषध होय. उरलेले अर्धे म्हणजे क्लोट्रिमाझोलसारखे बुरशीनाशक मलम किंवा पावडर. खाज थांबली की लोक मलम सोडून देतात आणि चिखल्या परततात. कातडी पूर्ववत दिसू लागल्यावरही आठ-पंधरा दिवस मलम चालू ठेवावे. दुकानातून 'खाजेची ट्यूब' मागून आणू नये. अशा पुष्कळ मिश्र मलमांत स्टिरॉइड असते. त्याने दोन दिवस आराम पडतो, पण बुरशी आतून फोफावते आणि पुढे साध्या औषधांना दाद देत नाही. हा अनुभव आज साऱ्या देशातील त्वचारोगतज्ज्ञांना येत आहे.

चिरलेल्या बेचकीतून जंतू आत शिरले की पोटरीपर्यंत पाय लाल होतो, सुजतो, थंडी वाजून ताप येतो. असे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही फुटलेल्या कातडीवाटे शरीरात जातात. कोकणातील शेतकऱ्यांना या रोगाची ओळख चांगली आहे. त्यामुळे पायाला जखम असताना गमबूट घातल्याशिवाय चिखलात उतरू नये.

कुरूप, घट्टे आणि नखे

एकाच जागी सतत दाब किंवा घर्षण झाले की कातडी स्वतःच्या बचावासाठी जाड होते. ती पसरट असली तर घट्टा आणि मध्ये कठीण खुंटी झाली तर कुरूप. दाब देणारी चप्पल तशीच ठेवून कुरूप कितीदाही काढले तरी ते पुन्हा येणार. पहिला उपचार पादत्राण बदलणे हाच आहे.

कुरुपावर ब्लेड चालविणे आणि तापविलेला बिब्बा लावणे हे दोन घरगुती उपाय आमच्याकडे अजूनही होतात. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते आणि त्या भाजलेल्या जागी जखम होते. अशा जखमा मी अनेक पाहिल्या आहेत. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्टीतही कातडी विरघळविणारे आम्ल असते. निरोगी माणसाने ती जपून वापरावी. मधुमेही व्यक्तीने यांतले काहीही करू नये.

नखे आंघोळीनंतर मऊ असताना सरळ रेषेत कापावीत. कोपरे खोलवर कोरू नयेत. कोरलेले नख वाढताना मांसात शिरते आणि अंगठा ठणकू लागतो. बूट टोकाकडे अरुंद असेल तर हा त्रास आणखी वाढतो.

पादत्राण कसे असावे?

चप्पल किंवा बूट संध्याकाळी विकत घ्यावा. दिवसभरात पाय थोडा सुजतो, त्यामुळे सकाळी बरोबर बसलेला जोड संध्याकाळी आवळतो. दोन्ही पायांत घालून, उभे राहून, चालून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. 'वापरून सैल होईल' हे दुकानदाराचे म्हणणे मनावर घेऊ नये. नवा जोड पहिले काही दिवस तासभरच घालावा. वारीला किंवा लांबच्या पदयात्रेला निघताना कोरा जोड घालून तर मुळीच निघू नये. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची आहे आणि पहिल्याच मुक्कामाला आलेला फोड शेवटपर्यंत सोबत करतो. असा फोड फोडू नये. स्वच्छ पट्टीने झाकावा.

कोल्हापुरी चप्पल देखणी आणि टिकाऊ असते, पण बधिर पायासाठी ती नव्हे. तिचा तळ कडक असतो, अंगठा बोटाला घासतो आणि मागे पट्टा नसल्याने ती सटकली तरी बधिर पायाला कळत नाही. अशा रुग्णांनी मऊ, सूक्ष्मछिद्री रबराचा तळ आणि मागे पट्टा असलेली पादत्राणे वापरावीत. कुष्ठरोग्यांसाठी तयार झालेल्या या चपला 'एमसीआर' चपला म्हणून मिळतात. आता मधुमेहीही त्या वापरतात.

पादत्राण घालण्यापूर्वी ते झटकावे आणि आत हात फिरवून पाहावा. खडा, चुकेचे टोक, उसवलेली शिवण, पावसाळ्यात एखादा विंचूसुद्धा तेथे सापडतो. गुरुजींनी एकदा हात फिरविला असता तर!

नवरात्रात किंवा श्रावणात अनवाणी राहण्याचे व्रत पुष्कळजण करतात. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. परंतु ज्यांचा पाय बधिर आहे, त्यांनी हे व्रत घेऊ नये. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळवे भाजलेले रुग्ण आमच्याकडे येतात आणि भाजल्याचे त्यांना घरी गेल्यावर कळते. देवळात जाड सुती मोजे घालावेत आणि दर्शनाला सकाळी लवकर जावे. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने किंवा शेगडीने शेकणेही तितकेच धोक्याचे आहे.

तंबाखूविषयी एक शब्द

बिडी-सिगारेटने पायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबल्यावर बरे वाटते आणि पुन्हा चालले की गोळा येतो. ही रक्तपुरवठा कमी झाल्याची खूण असू शकते. बर्जर नावाच्या विकारात तर ऐन तारुण्यात बोटे काळी पडतात आणि तो जवळजवळ नेहमी तंबाखू सेवन करणाऱ्यांनाच होतो. त्यावरचा खरा उपचार तंबाखू कायमची सोडणे हाच आहे. 'कमी केली' याने भागत नाही.

केव्हा थांबू नये?

काटा, खिळा किंवा काच लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, स्वच्छ कापडाने झाकावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे. चुना, राख, तंबाखू किंवा शेण भरू नये.

मधुमेही व्यक्तीच्या पायावर कोणतीही जखम वा फोड दिसला, पायाचा रंग बदलला, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला व सुजला, जखमेला वास आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी दाखवावे. 'दुखत नाही, बघू दोन दिवस' असे म्हणण्यातच पाय जातो. उपचार चालू असताना त्या पायावर भार देऊ नये. उत्तम औषध चालू असले तरी चालत राहिल्यास जखम भरत नाही.

गुरुजी आता खास बनवून घेतलेल्या चपला घालून दवाखान्यात येतात. आल्याबरोबर बाकावर बसून स्वतःच दोन्ही पाय पुढे करतात आणि म्हणतात, "आधी हे पाहा, साखर मग." माझ्या प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या केसपेपरवर आता पायांसाठी वेगळा रकाना आहे. आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी आपणही दोन्ही पाय उजेडात घ्या आणि घरातील वडीलधाऱ्यांचेही पाहा. त्यांना दुखत नसेल तर आधी पाहा.